लिनियरमध्ये परत परत स्पार्क होतोय? ट्यूब बदलायच्या आधी हे बघा

ट्यूबवाला लिनियर, म्हणजे हौशी रेडिओच्या (हॅम) सेटची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर, वापरणाऱ्यांना कधी ना कधी हा त्रास होतोच. बोलता बोलता आतून फाट्टकन आवाज येतो, प्लेट करंटचा (ट्यूबच्या हाय व्होल्टेजवाल्या टोकाचा करंट) काटा जाऊन उजवीकडं आपटतो, कधी फ्यूज जातो कधी नाही, आणि मग काही झालंच नाही असं सगळं परत चालू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. विचारायला जावं तर पहिला सल्ला ठरलेला, "ट्यूब गेली, बदलून टाक". ३-५००झेड या मोठ्या काचेच्या ट्यूबची जोडी आज काय भावाला पडते ते ज्यानं घेतलीय त्यालाच माहीत, आणि एवढे पैसे घालून नवीन जोडी बसवल्यावर पुन्हा तोच फाट्ट आवाज आला की माणूस रडकुंडीला येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्पार्क जिथं पडतो ती जागा वेगळी आणि स्पार्क ज्याच्यामुळं पडतो ते कारण वेगळं. व्होल्टेज वाढलं की ते सगळ्यात कच्ची जागा शोधून तिथनं उडी मारतं. तुम्ही ती जागा घासूनपुसून चकाचक केली तरी व्होल्टेज ज्यामुळं वाढत होतं ते तसंच आहे, मग परत तिथंच नाहीतर शेजारच्या कच्च्या जागेवर उडी. म्हणून हा प्रॉब्लेम "परत परत" येतो. खरा शोध कारणाचा घ्यायचा, आणि त्यासाठी कव्हर उघडायच्या आधीच निम्मं काम होतं.

पण त्याच्या आधी जिवाचं. एक हिशोब करून बघा, सप्लायमधले ३३० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे आठ इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सिरीजमध्ये लावले की साधारण ४१ मायक्रोफॅरड होतात, आणि ३००० व्होल्टला त्यात १८५ ज्यूलच्या आसपास एनर्जी साठते. एवढ्यात माणूस जातो, आणि ओरडायलाही वेळ मिळत नाही. प्रत्येक कॅपॅसिटरवर १०० किलोओहमचा ब्लीडर (चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर) असला तरी ३००० वरून ५० व्होल्टपर्यंत उतरायला सव्वादोन मिनिटं लागतात, आणि त्यातला एखादा रेझिस्टर ओपन झालेला असेल तर त्या एका कॅपॅसिटरवर पावणेचारशे व्होल्ट तसेच बसून राहतात, मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर दिसला तरी. त्यामुळं प्लग भिंतीतून बाहेर काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, मग थांबायचं, मग चांगल्या इन्सुलेटेड काठीला लावलेल्या शॉर्टिंग हुकनं आधी वायरवाऊंड रेझिस्टरमधून आणि नंतर थेट चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) शॉर्ट करायचं आणि काम संपेपर्यंत तो क्लिप तसाच लावून ठेवायचा. इंटरलॉक (कव्हर उघडलं की सप्लाय तोडणारा स्विच) बायपास करून "जरा बघतो कुठं ठिणगी पडते" हे करू नका, कितीही घाई असली तरी. आणि साधं मल्टिमीटर प्लेटच्या लाइनला लावायचं नाही, ते फार तर ६०० किंवा १००० व्होल्टचं असतं, त्याच्यातूनच आर्क होऊन तो हातात येईल. जुने टीव्ही मेकॅनिक पिक्चर ट्यूबचं ईएचटी (अतिउच्च व्होल्टेज) मोजायला हाय व्होल्टेज प्रोब वापरायचे, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त त्याला १० मेगओहम इनपुटचंच मीटर लावा नाहीतर रीडिंग चुकेल.

आता पहिला प्रश्न. स्पार्क नेमका कधी होतो? वही घ्या आणि खरंच लिहून काढा, कारण आठवणीवर विसंबलं की आपण आपल्याला हवं ते आठवतो. स्टँडबायमध्ये नुसता ठेवलेला असताना होतो का? पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यावर ड्राइव्ह (रेडिओ सेटकडून आत येणारी पॉवर) नसताना होतो का? फक्त बोलताना होतो, की बोलण्याच्या पहिल्या अक्षराला? एकाच बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) की सगळ्या? अँटेनावर होतो तसा डमी लोडवरही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) होतो का? रात्रीच जास्त होतो का, पावसाळ्यात सुरू झाला का?

स्टँडबायमध्येच होत असेल तर आरएफचा (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलचा) काही संबंध नाही, सरळ डीसीचा प्रॉब्लेम आहे. लोड नसताना सप्लाय सगळ्यात वर असतो, बोलताना २७०० दाखवणारा सप्लाय नुसता बसलेला असताना ३२०० ला असू शकतो, आणि त्यात गावाकडं रात्री उशिरा लाइन २३० ची २५५ झाली की आणखी अकरा टक्के वर, म्हणजे ३५०० च्या पुढं. लोकांना वाटतं लोड टाकल्यावर ताण येतो, डीसीच्या बाबतीत उलटं आहे. म्हणून "संध्याकाळी नीट चालतो आणि रात्री अकरानंतर आपोआप फटाका फुटतो" अशी तक्रार असेल तर आधी लाइनचं व्होल्टेज मोजा आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २४० किंवा २५० चा टॅप असेल तर त्याच्यावर जा.

आवाजावरून पण बरंच कळतं. डीसी आर्क म्हणजे एकच मोठा दणका, खोलीतला दिवा क्षणभर मंद होतो, फिल्टर कॅपॅसिटर सगळे एका झटक्यात रिकामे होतात, बहुतेक वेळा फ्यूज जातो. आरएफ आर्क चरचरतो, तुम्ही बोलताय तोपर्यंत चालतो आणि माईक सोडला की गप्प, ओझोनचा तो उग्र वास येतो, पॉवर मीटर थरथरतो आणि ग्रिड (ट्यूबमधली नियंत्रण करणारी जाळी) करंट मधेच उडी मारतो. तिसरा प्रकार म्हणजे आधी चरचर आणि लगेच मोठा दणका, हा प्रकार ऐकला की मी ब्लॉकिंग कॅपॅसिटरकडं (आरएफ पुढं सोडून डीसी अडवणारा) संशयानं बघतो. तो लीक असेल तर टँकमध्ये (ट्यूब अँटेनाशी जुळवणाऱ्या कॉइल-कॅपॅसिटरच्या सर्किटमध्ये) आरएफबरोबर डीसी पण पोचतो आणि मग त्यातल्या प्लेटकडच्या ट्यून कॅपॅसिटरमध्ये आरएफनं वाट करून दिली की मागून डीसी घुसतो, तो ड्राइव्ह बंद केला तरी थांबत नाही. आउटपुटला चॅसीकडं जाणारा सेफ्टी चोक (आरएफ अडवून डीसी जाऊ देणारी कॉइल) याच्यासाठीच असतो, ब्लॉकिंग पूर्ण शॉर्ट झाला तर तो फ्यूज उडवतो आणि तुमच्या अँटेनावर ३००० व्होल्ट जात नाहीत. होमब्रू (घरी बनवलेल्या) लिनियरमध्ये हा चोक नसेल तर आजच लावा.

नेमकी जागा बघायची असेल तर कव्हर लावून, खोलीत पूर्ण अंधार करून जाळीतून बघा, आणि डोळे लावून बसण्यापेक्षा मोबाइल स्टँडवर ठेवून जाळीतून व्हिडिओ घ्या. नंतर एकेक फ्रेम पुढं सरकवली की उजेड कुठल्या बाजूनं आला ते दिसतं.

डीसी बाजूचा शोध असा घ्यायचा. ट्यूबा काढून ठेवा, आणि प्रायमरीच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब लावा, आपला नेहमीचा सिरीज लँप, एलईडी बल्ब इथं चालत नाही. चालू केलं की कॅपॅसिटर चार्ज होईपर्यंत बल्ब पेटेल आणि मग विझत जाईल. तो तसाच झगझगीत राहिला तर शॉर्ट आहे, डायोड, कॅपॅसिटर नाहीतर ट्रान्सफॉर्मर. विझला तर मग व्हेरिॲकनं (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू पूर्ण व्होल्टेजपर्यंत न्या. ट्यूब नसताना पण फाट्ट झालं तर निदान ट्यूबा निर्दोष ठरल्या आणि तुमचे पैसे वाचले.

सप्लायमध्ये मला नेहमी सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. एक म्हणजे हाय व्होल्टेज मीटरचा मल्टिप्लायर (मीटरच्या सिरीजमधला रेझिस्टर). लोक १० मेगओहमचा एकच छोटा रेझिस्टर लावून मोकळे होतात, ओहमचा हिशोब बरोबर असतो, पण पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची व्होल्टेज सहन करायची मर्यादा २५० व्होल्टच्या आसपास असते आणि अर्ध्या वॅटची ३५० च्या. ३००० व्होल्टला तो अंगावरूनच आर्क होतो. तिथं एक मेगओहमचे अर्ध्या वॅटचे दहा-बारा सिरीजमध्ये लावायचे. दुसरं म्हणजे डायोडची माळ. १एन५४०८ हा १००० व्होल्टचा डायोड, सेकंडरी २२०० व्होल्टची असेल तर पीक ३१०० होतो, म्हणजे ब्रिजच्या प्रत्येक हातात निदान पाच तरी पाहिजेत. आणि एका मोठ्या आर्कमध्ये माळेतला एखादा शॉर्ट झाला तर लिनियर चालूच राहतो, बाकीच्यांवर ताण वाढतो, मग पुढच्या आठवड्यात दुसरा जातो. प्रत्येक दणक्यानंतर प्रत्येक डायोड एकेकटा मोजायचा, याला पर्याय नाही.

तिसरं म्हणजे कार्बनचा माग. बेकेलाइट, हायलम किंवा साध्या पीसीबीवर एकदा आर्क झाला की तिथं काळी बारीक रेघ उमटते आणि ती रेघ आता कंडक्टर आहे. पुसून ती जात नाही, कितीही आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावा. ती खरवडून, कोरून, अगदी खालचा स्वच्छ भाग दिसेपर्यंत काढावी लागते, आणि खरं तर तो तुकडा फेकून देऊन टेफ्लॉन किंवा सिरॅमिकचा लावणं बरं. भिंग घेऊन बघा, टॉर्च तिरपा धरा, स्टँडऑफच्या खालच्या बाजूला बघायला विसरू नका. इलेक्ट्रिशियनकडं मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असतो, १००० व्होल्टचा मिळाला तर आणा, ब्लीडर आणि चोक सोडवून प्रत्येक इन्सुलेटर, ब्लॉकिंग कॅपॅसिटर, प्लेट ते चॅसी असं मोजत जा. काटा जिथं अनंतावरून खाली यायला लागेल तिथं तुमचा आरोपी आहे, पण मेगरला पास झाला म्हणजे ३००० ला पण पास होईलच असं नाही हेही लक्षात ठेवा.

आता आरएफ बाजू, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त लिनियरचा आजार इथंच असतो. त्याचं नाव हलकं लोडिंग. टँकच्या अँटेनाकडच्या लोड कॅपॅसिटरच्या पाकळ्या एकमेकींत जास्त मिटलेल्या असतील तर अँटेनाकडं पॉवर कमी जाते, ड्राइव्ह मात्र पूर्ण येत असतो, मग ती एनर्जी टँकमध्ये फिरत राहते आणि प्लेटवरचं आरएफ व्होल्टेज चढत जातं. मग ट्यून कॅपॅसिटर चरचरतो, बँड स्विच जळतो, आणि आपण म्हणतो कॅपॅसिटर हलका आहे. ओळखायचं कसं, तर ग्रिड करंट जास्त आणि प्लेट करंट कमी दिसतो. अशा वेळी लोड थोडा उघडायचा, ट्यून परत पीकवर आणायचा, ग्रिड करंट खाली येईपर्यंत हे करत राहायचं. बरेच जण कमी ड्राइव्हवर ट्यून करतात, ट्यूबवर दया म्हणून, आणि मग तीच सेटिंग ठेवून पूर्ण ड्राइव्ह देतात. १० वॅटला बरोबर वाटलेलं लोडिंग ६० वॅटला हलकं पडतं. ट्यून शेवटी पूर्ण ड्राइव्हवरच करायचा, फक्त काही सेकंदांत आटपायचा.

ट्यून कॅपॅसिटर उघडून बघितला तर आर्कच्या खुणा पाकळ्यांच्या कडेला दिसतात. ॲल्युमिनियम वितळून खसखशीच्या दाण्याएवढे करडे मणी तयार झालेले असतात, भोवती पांढुरकी-काळी राख, आणि समोरच्या पाकळीवर बरोबर त्याच उंचीला छोटा खड्डा. हे मणी तसेच ठेवले तर तिथलं अंतर कमी झालेलं असतं आणि टोकामुळं फील्ड एकवटतं, त्यामुळं पुढचा आर्क कमी व्होल्टेजला होतो. सपाट धातूंमध्ये हवा साधारण ३ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर सहन करते पण टोक आलं की हा हिशोब कोसळतो. बारीक पॉलिश पेपरनं कडा गोल करायच्या, चुरा फुंकून आणि आयपीएनं धुऊन काढायचा, पाकळ्या दोन्ही बाजूंनी समान अंतरावर आहेत का ते प्लास्टिकच्या पट्टीनं तपासायचं, लिनियर कुरिअरनं आलेला असेल तर हे नक्कीच. पण हे सगळं करून कव्हर लावण्याआधी स्वतःला विचारा, व्होल्टेज एवढं चढलं कशानं?

लोड कॅपॅसिटरमध्ये स्पार्क दिसला तर गोष्ट सोपी आहे. आपल्याकडं जनरल लायसन्सला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ४०० वॅट आहेत, ५० ओहमला ४०० वॅट म्हणजे पीक फक्त २०० व्होल्ट, ३:१ एसडब्ल्यूआर (अँटेना किती बेमेळ आहे त्याचं माप) धरला तरी ३४६ च्या आसपास. म्हणून तर जुन्या रेडिओचा गँग कंडेन्सर तिथं आरामात चालतो. तिथं आर्क झाला म्हणजे समोर अँटेना नव्हतीच किंवा क्षणभर गायब झाली. मग बाहेर बघा, पाणी शिरलेला पीएल-२५९ कनेक्टर, छतावरचा बालन (केबल आणि अँटेना जुळवणारा ट्रान्सफॉर्मर), अँटेनातला ट्रॅप, ओला इन्सुलेटर, कमी व्होल्टेजची गॅस ट्यूब घातलेला लाइटनिंग अरेस्टर जो तुमच्याच पॉवरला फायर होतो. डमी लोड लावून अर्धा तास बोला, तिथं शांत राहिला तर लिनियर उघडूच नका.

पहिल्या अक्षराला होणारा स्पार्क हा वेगळाच प्राणी आहे. सिंधुदुर्गातल्या एका मित्राकडं चार ५७२बी ट्यूबांचा लिनियर होता, ४० मीटरवर त्यानं माईक दाबून बोलायला सुरुवात केली की ट्यून कॅपॅसिटरमध्ये चर्रर्र, मग बाकीचं वाक्य स्वच्छ. डमी लोडवर कॅरियर (न बोलता सोडलेला सलग सिग्नल) टाकून ट्यून करताना कधीच नाही. त्यानं पाकळ्या घासल्या, ट्यूबांची अदलाबदल केली, चार-आठ दिवस बरं जायचं आणि परत. आम्ही ट्यून कॅपॅसिटर सोडून आउटपुट रिले (अँटेना लिनियरला जोडणारा स्विच) उघडला तर खाऱ्या हवेनं पितळी पट्टी हिरवी झालेली, पट्टीचा ताण गेलेला आणि रिले बसायला लागणारा वेळ वाढलेला. रिगमधून (रेडिओ सेटमधून) आरएफ आधी येत होता, रिले नंतर बसत होता, म्हणजे दर वेळी पहिले काही मिलिसेकंद लिनियर बिनअँटेनाचा चालत होता. ट्यून करताना तो आधी पीटीटी दाबायचा आणि मग कॅरियर द्यायचा म्हणून तेव्हा कळत नव्हतं. रिगच्या मेनूत ट्रान्समिट डिले वाढवून २५ मिलिसेकंद केला त्याच क्षणी स्पार्क थांबला, नंतर रिले बदलला. तुमच्या रिगमध्ये ही सेटिंग असेल तर काहीही उघडायच्या आधी ती वाढवून बघा, फुकटची टेस्ट आहे. याच्याच जोडीला १०० वॅटचा रिग ४० वर ठेवला तरी काही रिगचा एएलसी (पॉवर मर्यादेत ठेवणारं सर्किट) पहिल्या अक्षराला उशीर करतो आणि क्षणभर पूर्ण १०० वॅट बाहेर पडतात, तेही तपासा.

एकाच बँडवर होत असेल तर बँड स्विच आणि प्लेट चोक (प्लेटला डीसी पोचवणारी कॉइल). वरच्या बँडवर कॉइलचा न वापरलेला भाग शॉर्ट व्हायला हवा, ते शॉर्ट करणारं बोट जळलं असेल तर त्या मोकळ्या टोकाला भलतंच व्होल्टेज तयार होतं आणि जो कॉन्टॅक्ट वापरातच नाही तिथं ठिणग्या पडतात, बघणारा चक्रावून जातो. चोकचं म्हणाल तर १८ आणि २४ मेगाहर्ट्झ हे बँड हौशी रेडिओला १९७९ च्या परिषदेत मिळाले, त्याच्या आधीच्या डिझाइनमध्ये चोकचा सिरीज रेझोनन्स या फ्रिक्वेन्सींवर पडला तर कुणाला फरक पडत नव्हता. आज तुम्ही तो लिनियर १७ किंवा १२ मीटरला चालवला तर चोक मधोमध काळा पडतो. जळल्याची खूण वाइंडिंगच्या मध्यभागी असेल तर रेझोनन्स समजा. चोक जागेवरच ठेवून दोन्ही टोकं शॉर्ट करायची आणि रेझोनन्स दाखवणाऱ्या डिप मीटर किंवा नॅनोव्हीएनएला छोटी लूप लावून बघायचं, डिप तुमच्या बँडमध्ये यायला नको.

मग ट्यूब कधी दोषी? गॅस शिरलेली ट्यूब खरंच आर्क करते, मुख्यतः वर्षानुवर्षं कपाटात पडलेली. काचेच्या ट्यूबमध्ये काचेच्या आतल्या अंगावर निळसर चमक दिसते ती निरुपद्रवी, पण प्लेट आणि ग्रिडच्या मधल्या पोकळीत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर गॅस. ३-५००झेडचा गेटर (आतला उरलेला गॅस शोषून घेणारा पदार्थ) प्लेटवरच्या झिर्कोनियमच्या थरात असतो आणि तो प्लेट तापून मंद लाल झाल्यावरच काम करतो, त्यामुळं ही ट्यूब कायम थंड ठेवणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. जुनी ट्यूब बसवताना आधी काही तास नुसतं फिलामेंट आणि ब्लोअर, सिरॅमिक असेल तर रात्रभर, मग कमी व्होल्टेज, मग पूर्ण.

पॅरासिटिक ऑसिलेशनवरून (लिनियर आपणहून भलत्याच फ्रिक्वेन्सीवर सिग्नल तयार करतो त्यावरून) हॅम लोकांमध्ये जुने वाद आहेत, काही जणांना प्रत्येक दणक्यात तेच दिसतं. मी त्यात पडत नाही, टेस्ट करून मोकळा होतो. डमी लोड लावा, ड्राइव्ह शून्य, पीटीटी दाबून ट्यून आणि लोड सगळीकडं फिरवा. ड्राइव्ह नसताना ग्रिड करंट जरा जरी हलला तर ऑसिलेशन आहे, मग ते दाबणाऱ्या, प्लेटच्या लाइनमधल्या सप्रेसरचा रेझिस्टर काढून मोजा, जुने कार्बनचे रेझिस्टर तापून तापून व्हॅल्यू सोडतात. काटा ढिम्म राहिला तर हा विषय बंद.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वेगळीच भानगड. हाय व्होल्टेज धूळ ओढून घेतं, त्यावर मीठ आणि ओल बसली की सिरॅमिकसुद्धा लीक व्हायला लागतो. कोळ्याचं जाळं, मुंग्या, आणि पाल, हो, उबेला आलेली पाल प्लेटच्या लाइनवर मी बघितलीय. जूनच्या आधी एकदा उघडून इन्सुलेटर डिस्टिल्ड वॉटरनं आणि मग आयपीएनं पुसा, वेंटच्या मागून बारीक जाळी लावा, आणि बरेच दिवस बंद असेल तर हाय व्होल्टेजचा स्विच वेगळा असल्यास आधी अर्धा तास फिलामेंट आणि ब्लोअर चालवून आतली ओल जाऊ द्या.

दणका बसून गेल्यावर नुसता फ्यूज बदलून परत चालू करू नका. ग्रिड ते फिलामेंट शॉर्ट आहे का, बायसचा झेनर डायोड शॉर्ट झालाय का, मीटरचे शंट आणि त्यांच्यावरचे प्रोटेक्शन डायोड ठीक आहेत का हे सगळं मोजायचं. आणि प्लेटच्या लाइनमध्ये ग्लिच रेझिस्टर नसेल तर तो घाला, २५ ते ५० ओहम, वायरवाऊंड, लांब अंगाचा, २५ वॅटच्या आसपास. ३००० व्होल्टला ५० ओहम म्हणजे आर्कमध्ये करंट ६० अँपिअरला अडतो, तो नसेल तर अडवायला फक्त वायरींचा रेझिस्टन्स उरतो आणि डायोड, झेनर, मीटर सगळं एका झटक्यात जातं. हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळून जातं, काहीशे रुपयांचं काम आहे.

दुरुस्तीनंतर कव्हर लावून, डमी लोडवर, आधी स्टँडबायमध्ये अर्धा तास, मग ड्राइव्हशिवाय पीटीटी, मग कमी ड्राइव्हला प्रत्येक बँड, मग पूर्ण ड्राइव्ह, आणि शेवटी अँटेना, या क्रमानं जा. ज्या पायरीला आवाज येईल तिथंच थांबा आणि वर त्या पायरीबद्दल जे लिहिलंय तिथनं परत सुरू करा.